गटारातून वाहणारा पैसा

2020 सालच्या फेब्रुवारीत आमच्या डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला होता! मुख्यमंत्रीही तो पाहावयास आले. लोकांना त्यात प्रदूषण दिसले, ते होतेच. मला मात्र आणखीही काही दिसले : रस्त्यावर सांडला तो रोख पैसे मोजून घेतलेला माल.

रंग बनविणाऱ्याची जी गोष्ट, तीच कापड रंगविणाऱ्याची. सुती कापडाला सगळा रंग धरत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर जातो. येथे कारखानदाराने आपल्या घरच्या मोरीत डोकवावे. कपडे शेवटी विसळलेले पाणी गृहिणी फेकीत नाही. पुढचा घाणा त्यातच भिजविते. कारखान्यातही हेच साधते : कापड पुढे सरकावे, पाणी उलट मागे यावे. शेवटच्या टाकीचे पाणी अलीकडच्या टाकीत, तेथून त्याच्याही अलीकडे. पाणी वाचते, ते तापविण्याचे इंधन वाचते, आणि सांडपाणीही कमी होते.

सांडपाण्याचे शुद्धीकरण हवेच. पण तो शेवटचा पहारा. पहिला पहारा यंत्रापाशीच हवा. कारण वाचकहो, ज्या उल्हास नदीचे पाणी कल्याण-डोंबिवली पिते, तिच्याच खाडीला हे सांडपाणी अखेर मिळते. काटकसर घराला शोभते, तशी कारखान्यालाही शोभेल. आणि आपली नदीही वाचेल.