पाय टेकला पाहिजे

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या आपाच्या घरी एका मोटारसायकलवरून चार दिवस अबोला होता. गाडी आमच्या मरहूम भावोजींची. 125 सीसीची, दहा-बारा वर्षं जुनी, पण इंजिन अजून घड्याळासारखं. भावोजी गेल्यावर दीड वर्ष ती पडवीत चादर पांघरून उभी होती. मग भाचीची आरोग्य उपकेंद्रावर परिचारिका म्हणून नेमणूक झाली आणि तिने ती चादर काढली.

मंडणगड तालुक्यातले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जास्त सांगायला नको. डांबरी रस्ता गावापर्यंत, तिथून वाड्यांकडे जांभ्याचा उतार, पावसात त्यावर शेवाळ. एसटी दिवसातून दोनदा. लसीकरणाच्या दिवशी लसीचा डबा घेऊन तीन वाड्या करायच्या, म्हणजे स्वतःची गाडी हवीच. "स्कूटी घे," असं सगळ्यांनी सुचवलं. पण स्कूटीला पैसे हवेत, शिवाय तिची चाकं लहान. जांभ्याच्या खड्ड्यात लहान चाक अडकतं आणि मोठं चाक त्यावरून निघून जातं, हे भाची आम्हालाच समजावून सांगत होती. खरं कारण वेगळं असावं, पण ते तिने बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

अडचण एकच. भाचीची उंची 148 सेंटीमीटर, म्हणजे पाच फुटांना दीड-दोन इंच कमी.

गाडी चालवायला ती झटकन शिकली. चालत्या गाडीला उंची लागत नाही. उंची लागते ती गाडी थांबते तेव्हा. एका उतारावर समोरून रिक्षा आली म्हणून तिने ब्रेक दाबला आणि सवयीने डावा पाय खाली सोडला. डावीकडे रस्ता गटाराकडे कललेला. पायाला जमीन सापडलीच नाही. गाडी हळूच तिच्या अंगावर आडवी झाली. घोटा सुजला आणि तीन आठवडे घरी बसावं लागलं. "विकून टाका ती," असं नातेवाइकांनी एकमुखाने सांगितलं. काहींनी त्यात मुलीच्या लग्नाचा विषयही घातला. आपा आम्हाला म्हणाली, "तू तरी समजाव तिला, तुझं ऐकते ती." आम्ही समजावायला गेलो तेव्हा भाचीने एकच प्रश्न विचारला: "मामू, तुमच्या वर्गात एखाद्या मुलाचे पाय बाकावरून लोंबकळत असतील तर तुम्ही मुलाला घरी पाठवता की बाक बदलता?"

बाक बदलायचं ठरलं. पण पहिल्या खेपेला तो चुकीच्या माणसाकडून बदलला गेला, आणि त्यात दोष आमचाही होता.

रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "काही नाही, मागचे शॉकअप छोटे करून देतो." दोन तासांत त्याने दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगचे दोन-दोन वेढे ग्राइंडरने कापले आणि गाडी दीड इंच खाली आणून दिली. भाचीचे पाय टेकले. आम्ही खूश होऊन चहा पाजला.

दुसऱ्या दिवसापासून एकेक गोष्ट कळू लागली. साइड स्टँडवर गाडी कलतच नव्हती. गाडी खाली आली आणि स्टँडची लांबी तीच राहिली, म्हणून ती जवळजवळ सरळ उभी राहायची. तिसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या अंगणात वाऱ्याच्या झोताने ती उजवीकडे कोसळली. आरसा फुटला, पेट्रोल सांडलं. शेजारी एक लेकुरवाळी बाई बसली होती, ती दोन हात लांब होती एवढंच. मेन स्टँडवर घेताना गाडी उचलत नव्हती, कारण आता तिला जास्त वर ओढावं लागत होतं. हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडू लागला. आपाला मागे बसवून गतिरोधकावरून जाताना "धाड" असा आवाज आला आणि आपाने त्या दिवसापासून बसायचंच सोडलं.

आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो. स्प्रिंगचा धडा दरवर्षी घेतो, तरी ही गोष्ट आम्हाला आधी सुचली नाही याची लाज वाटली. स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती मऊ होत नाही, उलट कडक होते. तेच वजन आता कमी तारेवर येतं. पण तिची लांबी घटल्याने गाडी आधीच खाली बसलेली असते आणि खड्डा आला की दबायला जागा उरत नाही. म्हणजे स्प्रिंग कडक, आणि तरीही बुडाला आपटते. त्यात कापलेलं टोक सपाट नसतं, त्यामुळे स्प्रिंग वाकडी बसते आणि मधल्या दांड्याला एका बाजूने रेटते. मेन स्टँडवर चाक लोंबकळलं की स्प्रिंग आपल्या जागेत सैल खडखडत होती, ते आम्ही हाताने हलवून पाहिलं. फक्त मागची बाजू खाली आल्याने पुढचा काटा जास्त तिरका झाला होता. वळणावर हँडल जड लागतं असं भाची म्हणत होती, ते त्यामुळे.

मग आम्ही रविवार मोकळा ठेवला आणि आधी मापं घेतली. हे काम सगळ्यात आधी करायचं असतं.

आपाने भाचीला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं केलं, पायांमध्ये जाड पुठ्ठ्याची वही वरपर्यंत धरून भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. जमिनीपासून खूण 67 सेंटीमीटर. गाडीच्या माहितीपत्रकात सीटची उंची 79 सेंटीमीटर. आकडे पाहून आपाने कपाळावर हात मारला. पण हे दोन आकडे एकमेकांतून नुसते वजा करायचे नसतात. माणूस बसला की गाडी दबते, फोम दबतो, बूट पायाला उंची देतो आणि टाच उचलली तर पाऊल आणखी पोचतं. सीट पुढे रुंद असेल तर मात्र मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतो. म्हणून दोन गाड्यांची उंची सारखी असली तरी एकीवर पाय टेकतो, दुसरीवर नाही.

बाजारात आकड्यांचा पसारा मोठा आहे. अ‍ॅव्हेंजरची सीट 737 मिलिमीटरवर, मिटिअर 350 ची 765, स्प्लेंडरची 785, क्लासिक 350 ची 805, एक्सपल्स 200 ची 825 च्या आसपास, 2025 आधीच्या केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचरची 855. नवी गाडी घेणाऱ्याने दुकानात बसूनच पाहावं. आमच्यापुढे तो पर्याय नव्हता.

मागच्या शॉकअपची मूळची जोडी नवी आणली. 2,100 रुपये गेले. चूक आमची, पैसेही आमचे. आणि जुन्या शॉकअपकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली, जी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती. शॉकअपच्या खालच्या बाजूला पायऱ्या असलेली एक कडी असते. टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने ती फिरते. जुनी कडी शेवटच्या, सगळ्यात कडक पायरीवर होती. भावोजी बाजारच्या दिवशी मागे तांदळाचं पोतं बांधून आणायचे, त्यांनीच ती तिथे नेलेली असणार. 80 किलोचा माणूस आणि पोतं यांच्यासाठी लावलेली गाडी, आणि तिच्यावर 45 किलोची मुलगी. गाडी दबणार कशी?

या कडीबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. ती फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते असं गॅरेजवालेही म्हणतात. स्प्रिंग तीच राहते. कडी तिला आधीच किती दाबून ठेवायचं एवढंच ठरवते. जास्त दाबून ठेवली तर बसणाऱ्याच्या वजनाने गाडी कमी खाली जाते, कमी दाबली तर जास्त. म्हणजे बसल्यानंतरची उंची बदलायला कंपनीनेच दिलेली ही सोय.

शेपटीच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. आम्ही हँडल धरलं, भाची बसली, धाकट्या भाच्याने टेपने जमिनीपासून चिकटपट्टीपर्यंत मोजलं. कडक पायरीवर गाडी 15 मिलिमीटर दबली. सगळ्यात मऊ पायरीवर 27. बारा मिलिमीटर फुकट मिळाले, तेही काही न कापता. रिकामी गाडी स्टँडवर पूर्वीइतकीच कलते, कारण फरक पडतो तो माणूस बसल्यावर. दोन्ही बाजूच्या कड्या एकाच पायरीवर आहेत ना, हे मात्र दोनदा पाहावं. एक इकडे एक तिकडे राहिली तर गाडी सरळ चालत नाही.

पुढचा मुक्काम सीटवाल्याकडे. त्याला नीट सांगावं लागलं, की मागे बसणाऱ्याची जागा तशीच राहू दे, पुढच्या भागातला फोम एक इंच काढ आणि टाकीजवळच्या दोन्ही कडा तासून अरुंद कर. कडा तासण्याचा फायदा एक इंच फोमपेक्षा जास्त झाला, असं भाचीचं मत. एक इंच काढूनही बसल्यावर फरक दोन सेंटीमीटरचाच पडला. याहून जास्त काढला असता तर खालचा पत्रा टोचला असता. 400 रुपये घेतले. जुनं कव्हर परत लावून दिलं, ते भाचीने मुद्दाम मागितलं होतं.

सँडल बंद. घोटा झाकणारे, जाड तळाचे बूट आणले. सँडलपेक्षा तळ एक सेंटीमीटर जाड. आता वहीत हिशेब मांडला: गाडीवर 32 मिलिमीटर, बुटाचे 10. चार सेंटीमीटर ऐकायला काहीच नाहीत. उतारावर थांबलेल्या माणसाला विचारा. आता तिचे दोन्ही पायांचे चवडे टेकतात, आणि सीटवरून थोडं डावीकडे सरकली की डावं पाऊल पूर्ण टेकतं.

पुढचा काटाही खाली करता येतो का, असं आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाने विचारलं. काही गाड्यांत काट्याचे पाइप वरच्या-खालच्या पकडींमध्ये नुसते आवळलेले असतात. बोल्ट सैल करून ते पाच-दहा मिलिमीटर वर सरकवता येतात, म्हणजे गाडीचं तोंड तेवढं खाली येतं. त्यात पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या पकडीला लागत नाही ना, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं ना, वायरी ताणत नाहीत ना, हे पाहावं लागतं. मागे जेवढं खाली, पुढेही त्याच मानाने. नाहीतर स्वभाव बिघडतो: पुढूनच खाली केली तर चंचल, मागूनच केली तर आळशी. भाचीच्या गाडीत पाइपाचं टोक वरच्या पट्टीखाली बोल्टने पक्कं बसवलेलं आहे, ते सरकत नाही. सोडून दिलं. मागे एकच शॉकअप आणि त्याखाली पट्ट्यांची जोडणी असलेल्या मोठ्या गाड्यांना बदली लांबीच्या पट्ट्या मिळतात. तिथे शॉकअपकडे थोडा फरक केला तरी चाकाशी त्याच्या दुपटी-तिपटीने पडतो. ते काम जाणत्या माणसाकडेच द्यावं, आणि नंतर साइड स्टँड कापून आखूड करणं, चेनचा ताण आणि हेडलाइट पुन्हा लावणं हे ओघाने आलंच. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं, की नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. कंपनीने दिलेली कडी फिरवणं हा काही बदल नव्हे, पण कापाकापीपूर्वी विम्याचा कागद वाचलेला बरा. अपघातानंतर तो वाचायला फार उशीर होतो.

राहिलं थांबण्याचं. हे आम्ही शाळेच्या मैदानात सुट्टीच्या दिवशी केलं. दोन्ही पाय एकदम टेकायची गरजच नसते. थांबायच्या आधी कंबर थोडी डावीकडे घ्यायची, डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. चढावर हाच मागचा ब्रेक गाडी धरून ठेवतो. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, म्हणून कडेला थांबणाऱ्याच्या डाव्या पायाखालची जमीनच दूर जाते. भाची पडली ती तिथेच. आता ती कडेला जाण्याआधी सपाट डांबर पाहून थांबते. वाडीतल्या घरासमोर उभी करतानाही गाडीचं तोंड आधीच बाहेरच्या बाजूला फिरवून ठेवते, म्हणजे निघताना पायांनी मागे रेटायला लागत नाही.

तरुण शिक्षकाने मग डॅनी पेद्रोसाचं नाव काढलं. स्पेनचा मोटोजीपी स्वार, उंची जेमतेम 160 सेंटीमीटरच्या आसपास, सर्वोच्च गटात 31 शर्यती जिंकलेला, तीन वेळा जगात दुसरा. भाचीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला शर्यतीत रिक्षा आडवी येते का?"

पावसाळा निघाला. एकदा घसरली, पण पाय टेकला आणि गाडी सावरली, असं तिने स्वतःच येऊन सांगितलं. आपाचा राग हळूहळू निवळला. आता शुक्रवारी बाजाराला जाताना ती पुन्हा मागे बसते. आपा बुरखा सावरत पायरीवर उभी असते आणि भाची जमिनीवर उकिडवी बसून वाकड्या पान्याने दोन्हीकडच्या कड्या दोन-दोन पायऱ्या वर नेते. आपाला उशीर होतो, ती कुरकुरते. घरी परतल्यावर कड्या परत खाली.