गळतात आज, कारण तीन महिन्यांपूर्वीचं

भाची बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला चौथा महिना लागलेला, मान धरायला लागलेलं, कुणी बोललं की खुदखुदून हसायचं. एका सकाळी ती न्हाऊन बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत केसांचा पुंजका होता आणि डोळ्यांत पाणी. मोरीची जाळी केसांनी तुंबली होती. आजी म्हणाली, "अगं, बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतातच." शेजारच्या काकूंनी बोअरच्या पाण्याला दोष दिला. सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "अंगावर पाजतेस ना, सगळं कस त्यातच जातो." आणि भाचीने रात्री मोबाईलवर बघून कांद्याचं महागडं तेल मागवलं.

या चौघींमध्ये खऱ्याच्या सर्वांत जवळ आजी होती. तिचं कारण चुकलं होतं, वेळ मात्र अगदी बरोबर होती.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते, मग सुमारे तीन महिने तो न वाढता नुसता मुळात बसून राहतो आणि शेवटी गळतो. एरवी शंभरातले ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात, त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस गळले तरी ते जाणवत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक चढं असतं आणि वाढीतले केस वाढीतच रेंगाळतात. गळायचे तेही गळत नाहीत. म्हणून डोहाळजेवणाच्या फोटोत वेणी अशी जाडजूड दिसते. बाळंत झाल्यावर काही दिवसांतच इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि इतके महिने रेंगाळलेले केस एकदमच विश्रांतीला जातात. पुढचे तीन महिने बाहेरून काहीच कळत नाही. मग ते सगळे मिळून गळू लागतात, आणि नेमकं त्याच सुमाराला बाळही खळखळून हसायला लागलेलं असतं. आजीने पिढ्यान् पिढ्या जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त दोन गोष्टी एका वेळी घडतात म्हणून तिने एकीला दुसरीचं कारण मानलं.

अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकारच्या केसगळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम असं नाव दिलं. टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन, उपासमारीचं डाएट यांनंतरही हेच होतं. कोविडच्या लाटांनंतर कितीतरी जणांनी हे अनुभवलं. प्रत्येक वेळी मध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर असतं, आणि केसांबद्दलचे बहुतेक गैरसमज या अंतरातच जन्माला येतात. केस गळताना दिसले की आपण गेल्या आठवड्यात काय बदललं ते आठवतो: नवा शाम्पू, नव्या घरातलं पाणी. केस बोलतात मात्र तीन महिन्यांपूर्वीचं.

पाण्याचंच घ्या. क्षारांच्या पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मधूनच तुटतातही. पण मुळापासून सुटलेल्या केसाचा तो दोष नाही. दोन्ही ओळखायला सोपं आहे. गळलेला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो आपलं आयुष्य पुरं करून सुटलेला आहे. गाठ नसली तर तो तुटलेला आहे. ही गाठ पाहून बायका फार घाबरतात, "मुळासकट आला, आता तिथे उगवायचा नाही." तसं नाही. ती गाठ म्हणजे केसाचंच घट्ट झालेलं टोक. ज्या कूपातून केस उगवतो तो कातडीच्या आत शाबूत असतो. बऱ्याचदा तिथे नवा केस यायलाही लागलेला असतो.

न्हाणं कमी केलं तर केस कमी गळतील, हाही असाच हिशेब. चार दिवस न न्हाता पाचव्या दिवशी न्हायलं की पाच दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात. ते शाम्पूने गळत नाहीत, आधीच सुटलेले असतात.

दुधाबद्दल मला जरा जोरातच सांगायचं आहे, कारण केसांच्या धसक्याने अंगावर पाजणं थांबवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. उतरलेलं इस्ट्रोजेन गरोदरपणातल्या पातळीवर दूध तोडल्याने परत चढत नाही. जे केस गळायचे ते तीन महिन्यांपूर्वीच ठरलेले असतात. बाळाचं दूध तोडून त्यातला एकही केस वाचत नाही.

आणि तेल? खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. केस मऊ राहतो, कमी तुटतो. पण कुठलंही तेल चोळून अंगातलं हार्मोन बदलत नाही. भाचीचं कांद्याचं तेल सहाव्या महिन्यापर्यंत चाललं, केस गळायचेही त्याच सुमाराला थांबले आणि श्रेय बाटलीला गेलं. बाळंतपणानंतरची ही गळती बहुतेकींची सहा महिन्यांत ओसरू लागते, वर्षभरात थांबते.

हळिवाच्या लाडवाला मात्र मी तेलाच्या रांगेत बसवणार नाही. बाळंतपणात रक्त जातं, अंगातला लोहाचा साठा खालावतो, आणि लोह कमी असलं तर गळती लांबते. हळिवात लोह भरपूर असतं. वर लिंबू किंवा आवळा घेतला तर ते अंगी लागतं, लाडवाबरोबर चहा घेतला तर चहा ते अडवतो. अंगात लोह फारच कमी असेल, तर लाडू पुरत नाहीत, डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

गळती वर्षाच्या पुढे गेली, तर "बाळंतपणाचंच आहे" म्हणून बसून राहू नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काहींची थायरॉइड ग्रंथी बिघडते. थकवा, धडधड, वजन वाढणं, उदास वाटणं हे सगळं जागरणाच्या खात्यावर टाकलं जातं. थायरॉइड कमी झालं तरी केस विरळ होतात, वाढलं तरी होतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच एवढ्या तपासण्या सांगितल्या तर जरूर कराव्यात. एक खबरदारी मात्र घ्यावी. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन फार मोठ्या मात्रेत असतं, आणि ते रक्तातल्या काही तपासण्यांमध्ये घोळ घालतं. थायरॉइड ठीक असूनही वाढल्यासारखा रिपोर्ट येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे चुकणाऱ्या रिपोर्टांबद्दल इशारा दिला होता. थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस या केसांच्या गोळ्या बंद ठेवाव्यात आणि आपण त्या घेतो हे डॉक्टरांना सांगावं.

प्रत्येक गळतीला हे तीन महिन्यांचं घड्याळ लागू पडत नाही. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत २०२५ च्या सुरुवातीला अवघ्या काही दिवसांत लोकांची टक्कलं पडली, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. इतक्या वेगाने झालेली गळती हार्मोनची नसते. रुपयाएवढी गोल चाई पडते तीही हार्मोनची नाही, किड्याने खाल्लेलीही नाही. तिथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते.

याच्या उलट दुसरी गळती आहे, अगदी संथ. मोरीत पुंजके येत नाहीत, पण मधला भांग वर्षागणिक रुंद होत जातो. इथे पुरुषी हार्मोनचा हात असतो. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनतं आणि ते माथ्यावरच्या कूपांना आखडवतं. दर खेपेला येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. पीसीओडी असलेल्या मुलींच्या हनुवटीवर राठ केस येतात आणि माथ्यावरचे विरळ होतात, ते याच हार्मोनमुळे. हनुवटीचे कूप त्याने फुलतात, माथ्याचे सुकतात. टक्कल पडलेल्या पुरुषात हे हार्मोन जास्त असतं, असंही नाही. बहुतेकांच्या रक्तात ते इतरांएवढंच असतं, कूप जास्त हळवे असतात. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की, वयात येण्याआधी वृषण गमावलेल्यांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. "मामावर गेलाय" या म्हणण्यात तथ्य आहे. टक्कलाशी निगडित एक मोठा जनुक मुलाला आईकडूनच मिळतो. पण बाकीचे अनेक जनुक वडिलांकडूनही येतात. ही गळती आपोआप थांबत नाही, म्हणून इथे त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर गेलेलं बरं. पाजणाऱ्या आईने स्वतःच्या मनाने मिनॉक्सिडिल लावू नये, आणि फिनास्टेराइडला गरोदर बाईने किंवा दिवस जाण्याची शक्यता असलेल्या बाईने हात लावू नये.

भाचीचं बाळ आता वर्षाचं झालं. तिच्या कपाळाशी बोटभर केसांची एक रांग उभी राहते, पाण्याने दाबली तरी बसत नाही. ते नवे केस आहेत, एकाच वेळी निघालेले, म्हणून एकाच उंचीचे. शेपटा अजून बारीकच आहे म्हणून ती कुरकुरते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ते तिच्या खांद्याखाली पोचायला आणखी अडीच-तीन वर्षं लागतील, तोवर बाळ बालवाडीत गेलेलं असेल.