ओशुन

ओशुन ही पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांची नदीदेवता आहे. योरुबा धर्मात देवतांना 'ओरिशा' म्हणतात. ओशुन ही गोडे पाणी, प्रजनन, प्रेम, सौंदर्य आणि समृद्धी यांची अधिष्ठात्री मानली जाते. नैर्ऋत्य नायजेरियातून दक्षिणेकडे वाहणारी ओशुन नदी हे तिचे दृश्य रूप होय. 'येये' म्हणजे आई, असे संबोधून भक्त तिला आळवतात.

पुराणकथा

इफा या भविष्यकथनाच्या मौखिक परंपरेतील कथेनुसार, परमेश्वर ओलोदुमारे याने सृष्टीची घडी बसविण्यासाठी सतरा ओरिशांना पृथ्वीवर धाडले. त्यांत ओशुन ही एकटीच स्त्री होती. उरलेल्या सोळा देवांनी तिला मसलतीत घेतले नाही. परिणामी पाऊस पडेना, पीक येईना, हाती घेतलेले कोणतेही काम तडीस जाईना. देव गाऱ्हाणे घेऊन ओलोदुमारेकडे गेले, तेव्हा त्याने ओशुनची क्षमा मागण्यास सांगितले. तिची मनधरणी झाल्यावरच जग सुरळीत चालू लागले. पाण्याची उपेक्षा केल्यास सारे व्यवहार थांबतात, हा या कथेचा गाभा आहे.

ओशोग्बो शहराच्या स्थापनेची आख्यायिकाही याच अर्थाची आहे. पाण्याच्या शोधात नदीकाठी आलेल्या लोकांनी एक झाड तोडले. ते पात्रात कोसळताच, माझी रंगाची मडकी फुटली, असा देवीचा आवाज आला. तिच्या सांगण्यावरून वस्ती काठापासून दूर हलली आणि वार्षिक पूजेच्या बदल्यात तिने नगराच्या रक्षणाचे वचन दिले. ओशोग्बो हे निळीच्या रंगकामाचे जुने केंद्र असल्याने कथेतील मडक्यांना विशेष अर्थ आहे.

प्रतीके

पितळ हा ओशुनचा धातू असून पितळी कंकणे तिच्या भक्तांची खूण असते. मध तिच्या माधुर्याचे, तर पंखा शीतलतेचे प्रतीक आहे. योरुबा विचारात शीतलता म्हणजे शांती व आरोग्य. आरसा आणि फणी सौंदर्य दर्शवितात. मात्र ही देवी केवळ सौम्य नाही. पुराच्या रूपाने ती कोपते, असे मानले जाते.

देवराई आणि उत्सव

ओशोग्बोच्या सीमेवरील सुमारे 75 हेक्टरांची देवराई 2005 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. तेथे शिकार, मासेमारी व वृक्षतोड निषिद्ध आहे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या कलावती सुझान वेंगर (1915-2009) यांनी स्थानिक कारागिरांसह तेथे देवालये व शिल्पे उभारून तिच्या रक्षणास हातभार लावला. दरवर्षी ऑगस्टमध्ये होणाऱ्या उत्सवात 'अरुग्बा' ही कुमारिका नैवेद्याचे पात्र मस्तकी घेऊन मिरवणुकीने नदीवर जाते.

आफ्रिकेबाहेरील प्रसार

अटलांटिक गुलामव्यापारातून ही उपासना अमेरिका खंडांत पोहोचली. ब्राझीलमध्ये कांदोम्ब्ले पंथात ती 'ओशुम' म्हणून पूजिली जाते. क्युबात तिचे कोब्रे येथील मेरीमातेशी तादात्म्य मानले जाते.

सद्यस्थिती

नदीच्या वरच्या भागातील सोन्याच्या खाणकामामुळे पाणी गढूळ व दूषित झाले आहे. भाविक ज्या पाण्याला तीर्थ मानून प्राशन करतात, ते न पिण्याची सूचना शासनाला द्यावी लागली आहे. देवराईत कितीही कडक निर्बंध पाळले, तरी वरून येणारे पाणी त्यांनी शुद्ध होत नाही. त्यामुळे देवराईबरोबरच संपूर्ण नदीचे रक्षण हा या उपासनेपुढील कळीचा प्रश्न बनला आहे.