पैसा आजीचा, हात आपला

दर महिन्याला विजेचे बिल येते. पूर्वी आजोबा पिशवीत बिल आणि पैसे घेत. तालुक्याच्या गावी जात. रांगेत उभे राहात. पैसे भरून पावती आणत. दिवस मोडे, पण काम होई.

आता आजोबांचे गुडघे दुखतात. आजीला बारीक अक्षर दिसत नाही. बिल भरायला उशीर झाला की दंड पडतो. मग आजी नातवाला म्हणते, "अरे, फोनवरून भर की माझं बिल!"

नातू बिल भरतो. हे चांगलेच आहे. पण पैसा आजीचा आहे. तेव्हा हे काम कसे करावे, ते आपण नीट समजून घेऊ.

फोनवरून पैसे कसे जातात?

२०१६ साली आपल्या देशात यूपीआय नावाची सोय सुरू झाली. तिच्यामुळे बँकेतले पैसे फोनवरून देता येतात. त्यासाठी आजीचा फोन नंबर बँकेत नोंदलेला हवा. तो नंबर आजीचाच असावा. शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा देऊ नये. खात्याचे सगळे निरोप त्याच नंबरावर येतात.

मग फोनवर एक गुप्त आकडा ठरवावा लागतो. त्याला पिन म्हणतात. पिन म्हणजे पेटीची किल्ली. किल्ली ज्याच्या हाती, पैसा त्याच्या हाती.

बिल कसे भरावे?

आजीला शेजारी बसवा. बिल हातात घ्या. फोनवर वीजबिलाची जागा उघडा. आपल्या वीज कंपनीचे नाव निवडा. बिलावरचा ग्राहक क्रमांक घाला. महावितरणच्या बिलावर तो बारा आकड्यांचा असतो. मग फोनवर नाव आणि रक्कम दिसते. ती मोठ्याने वाचा. नाव आपलेच आहे का? रक्कम बिलाशी जुळते का? जुळली तरच पुढे जा. एक आकडा चुकला, तर दुसऱ्याचेच बिल भरले जाते!

आता फोन आजीच्या हाती द्या. पिन तिने स्वतः दाबावा. आपण तोंड फिरवावे. यात अविश्वास नाही, मान आहे.

आजीला हे जमत नसेल तर? त्यालाही साधा उपाय आहे. आपल्या खात्यातून बिल भरावे. पावती आजीला दाखवावी आणि तेवढेच रोख पैसे घ्यावेत. आजीची किल्ली आजीपाशीच राहते.

शेवटी वहीत लिहा : तारीख, कशाचे बिल, किती रुपये. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा. वही आणि पासबुक जुळवून पाहा. हिशेब चोख असला की भावाभावांत भांडण होत नाही. "आईचे पैसे कोणी खाल्ले?" असे कोणी म्हणत नाही.

लबाडांपासून सावध

एखाद्या दिवशी फोन येतो. "तुमचं बिल थकलंय. आज रात्री लाईट तोडणार. लगेच या नंबरावर फोन करा." म्हातारे माणूस घाबरते. लबाड सांगेल ते करते. खाते रिकामे होते.

आपण आजीला आधीच सांगून ठेवावे. थकबाकीसाठी वीज तोडायची, तर आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. २००३ च्या वीज कायद्यात तसे लिहिले आहे. आज फोन आणि रात्री अंधार, असे होत नाही.

आणखी तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्या :

१. पैसे द्यायला पिन लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन दाबा" असे म्हणणारा चोर समजावा.

२. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. बँकेचा माणूस तो विचारत नाही.

३. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून फोनमध्ये काही उतरवून घेऊ नये.

तरी फसवणूक झालीच तर? लाजू नये, लपवू नये. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करावा. बँकेलाही कळवावे. लवकर कळवले, तर वाटेतले पैसे अडवता येण्याची आशा असते. उशीर झाला की चोर ते काढून घेतो.

आणि आजीवर ओरडू नये. आज ओरडलो, तर उद्या ती सांगणार नाही. न सांगितलेली चूक जास्त महाग पडते.

लहानपणी आजीने आपले बोट धरून बाजार दाखवला. खिशात आणे घातले, पण हिशेबही विचारला. आता आपली पाळी आहे. तिचे बोट धरावे. तिची किल्ली धरू नये.