मामांची फियाट आणि माझे कान

मी कॉलेजात मराठी शिकवतो. गाडी चालवायला येते. पण बॉनेटखाली काय असते, हे पाहण्याची उत्सुकता मला कधी वाटली नाही. असे असूनही गेल्या दिवाळीत मामांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "अरे, फियाटची परीक्षा घ्यायची आहे. तू फक्त कान दे."

ही फियाट अकराशे १९६५ ची. आजोबांनी घेतलेली, मामांनी सांभाळलेली. पुढे पद्मिनी होऊन जी घरोघरी गेली आणि टॅक्सी होऊन २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत धावली, तिची ही थोरली बहीण. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मात्र मग गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. आणि मामा तर रोज सकाळी तिच्यातून भाजीला जातात! वय ब्याऐंशी. एके काळी इंजिनाचा श्वासदेखील ओळखणाऱ्या मामांना आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत.

इंजिन गार असतानाच सुरू केले. "काय ऐकू येतं?"

"टकटक."

"दारावरची की घड्याळातली?"

"घड्याळातली. वरून."

"मग ते टॅपेट. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत झडप एकदाच उघडते, म्हणून ठेका सावकाश. थोडं वाजू दे. फार आवळलं तर झडप जळते. आता खालून ऐक. सदरा पंख्यापासून सांभाळ."

लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून मूठ मी कानाशी धरली. आत दबकी ठकठक होती. इंजिन तापले तशी ती विरून गेली. मामा खूश झाले. म्हणाले, "पिस्टन थोडा सैल आहे, एवढंच. तापल्यावरही राहिली असती, तर खर्च होता."

व्याकरणाच्या तासाला मी घरघर, खडखड, धडधड शिकवतो, तेव्हा मुले जांभया देतात. यांतल्या प्रत्येक शब्दाचे बिल वेगळे येते, हे मला त्या दिवशी समजले.

मग आम्ही कात्रजच्या जुन्या घाटाकडे निघालो. ताशी ६० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरू लागले. मामांनी क्लच दाबून गाडी नुसती वाहू दिली. थरथर तशीच. "म्हणजे दोष इंजिनाचा नाही. चाकांचा, नाहीतर प्रॉपेलर शाफ्टचा." चढावर इंजिनावर जोर पडला की खोल धडधड येते का, हे मी जीव मुठीत धरून ऐकले, तसे झाले तर बेअरिंग गेले म्हणायचे. आली नाही. उतारावर मामांनी खालचा गिअर टाकला, कारण चारही चाकांचे ड्रम ब्रेक तापले की पकड ढिली होते. उतार संपल्यावर त्यांनी पुन्हा पेट्रोल दिले, तेव्हा मी मागे वळून पाहिले. निळा धूर नव्हता.

पण मागे एक ट्रक होता. परतताना तो कितीतरी वेळ हॉर्न वाजवीत होता आणि मामा रस्त्याच्या मधोमध निवांत चालले होते. शेवटी तो अगदी घासून पुढे गेला.

"बोल, काय निकाल?" मामांनी विचारले.

"टॅपेट जुळवायचं, चाकं बघायची. इंजिन पहिल्या वर्गात पास." पुढचे शब्द घशात अडकले, पण परीक्षा म्हटली की गुण खरे द्यावे लागतात. "मामा, तो ट्रक किती वेळ हॉर्न देत होता?"

"कुठला ट्रक?"

मी काहीच बोललो नाही. मामांनी गाडी कडेला घेतली. थोडा वेळ हात तसेच स्टिअरिंगवर राहिले. मग ते उतरले, वळसा घालून डावीकडे आले आणि म्हणाले, "सरक तिकडे. ती नोंदणी करून टाकू. प्रदर्शनाला न्यायची झाली, तर तू चालवायचीस."

स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर मी जन्मात प्रथमच टाकला. खर्रर्र झाले! हा आवाज मात्र मामांना नेमका ऐकू आला.

"लिहून ठेव," ते म्हणाले, "हा दोष गाडीचा नाही!"