हुस्नाबाईंचा अर्ज

आज अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा म्हणून ओळखला जाणारा कायदा १ मे १९५८ रोजी अमलात आला आणि त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगदीश सहाय यांच्यापुढे २४ वर्षांच्या हुस्नाबाईंचा अर्ज आला. आपण वेश्याव्यवसाय करतो, हे त्यांनी उघडपणे नोंदवले होते. चुलत बहीण आणि दोन धाकटे भाऊ आपल्या कमाईवर जगतात, तेव्हा हा कायदा राज्यघटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क हिरावून घेतो, असा त्यांचा दावा होता. अर्ज तांत्रिक कारणावरून फेटाळला गेला. तरीही या कायद्याचा सगळा गुंता मला त्या घरातल्या चार माणसांत दिसतो. कलम ४ नुसार वेश्येच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी सज्ञान व्यक्ती गुन्हेगार ठरते. ती कमाई मारून-धमकावून काढून घेतली की बहिणीने भावाच्या ताटात आपणहून वाढली, हा फरक कलम करत नाही. उलट, तिच्यासोबत राहणाऱ्या सज्ञान माणसाने आपण तिच्यावर जगत नाही हे स्वतः सिद्ध करायचे! दलालासाठी लावलेला फास असा म्हाताऱ्या आईच्या आणि अठरा ओलांडलेल्या मुलाच्या गळ्यातही पडू शकतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खराच वजनदार आहे. सक्ती बंद दाराआड होते, कर्जाने बांधलेली बाई कोर्टात बोलत नाही आणि दलाल स्वतःला नवरा किंवा भाऊ म्हणवून निसटतो. म्हणून जाळे मोठेच हवे. पण मुंबईचाच दाखला पाहा. १९१७ साली डंकन रोडवरच्या कुंटणखान्यात अकूताई नावाच्या बाईला छळून मारण्यात आले. तिने पळून जायचा प्रयत्न केला होता. आत काय चालले होते, हे कोर्टाला कळले ते त्याच घरात राहणाऱ्या बायकांच्या साक्षींमुळे. सक्तीचा सर्वांत पक्का पुरावा या बायकांकडेच असतो. छाप्यात आपल्यालाच गिऱ्हाईक बोलावल्याबद्दलचे कलम ८ लावतील, आईला कलम ४ खाली नेतील, ही धास्ती असेल तर त्या पोलीस ठाण्याची पायरी का चढतील? अल्पवयीन मुलींबाबत मात्र कायद्याने कठोरच असावे. तिथे संमतीचा प्रश्नच येत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेतही अल्पवयीनांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध ३७२ आणि ३७३ ही कलमे होती. प्रौढ बाईला डांबून ठेवणाऱ्यासाठी अनैतिक व्यापार कायद्यातच कलम ६ आहे. म्हणजे सक्तीला शिक्षा करायला कलम ४ ची ही व्याप्ती लागत नाही.

न्यायालये सक्ती आणि स्वेच्छा यांतल्या फरकाकडे फार सावकाश वळली. कानपूरच्या दंडाधिकाऱ्यांनी काही स्त्रियांवर नोटिसा बजावल्या होत्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६३ साली न्यायालयाने वेश्येला एखाद्या भागातून हटवण्याचा अधिकार देणारे कलम २० वैध ठरवले. १९८६ च्या दुरुस्तीने कायद्याचे नाव बदलले, पण कलम ४ चा गाभा कायम राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन प्रौढ स्त्रियांना सोडण्याचा आदेश देताना, वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही, असे स्पष्ट केले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही छाप्यात स्वेच्छेने काम करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना अटक किंवा त्रास होऊ नये, असे निर्देश दिले. पण या संरक्षणात त्या स्त्रियांच्या घरची माणसे येत नाहीत. त्यासाठी संसदेने कलम ४ मध्येच धाक, फसवणूक किंवा पिळवणूक ही अट घातली पाहिजे आणि ती सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर टाकला पाहिजे.