कॅराव्हॅन ओढणारी घरची गाडी

ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन ओढण्यासाठी घरची मोटार निवडायची, तर पहिला प्रश्न वजनाचा असतो. वर्षातले बहुतेक दिवस ही गाडी मुलांना शाळेत सोडणार, किराणा आणणार, कामावर नेणार; सुट्टीच्या मोजक्या आठवड्यांत मात्र तिच्यामागे सव्वा टनाचे चाकांवरचे घर असणार. त्या वेळी हलकी पडलेली गाडी आपल्याबरोबर रस्त्यावरच्या इतरांनाही धोक्यात घालते.

म्हणून आधी दोन आकडे शोधावेत. एक मोटारीचे कर्ब वेट, म्हणजे सामानाशिवायचे पण इंधनासकटचे वजन. दुसरा कॅराव्हॅनचे कमाल भारित वजन; तिथे त्याला एमटीपीएलएम म्हणतात. कॅराव्हॅनचे भारित वजन मोटारीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सल्ला तिथल्या कॅराव्हॅन संघटना नवख्यांना देतात. हा कायदा नव्हे, पण तो मनापासून पाळण्याजोगा आहे. १,६०० किलोच्या मोटारीसाठी ही मर्यादा १,३६० किलो येते. १,३०० किलोची कॅराव्हॅन तीत आरामात बसते. हिशोब मात्र भरलेल्या कॅराव्हॅनचाच करायचा. भांडी, अंथरूण, कपडे, तंबूसारखी बाहेर उभारायची ओसरी असे करता करता दीडशे किलो कधी भरतात ते कळतही नाही.

कायद्याची मर्यादा वेगळी, आणि ती मोटारीवरच कोरलेली असते. दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली छोटी पट्टी असते, तिच्यावर एकाखाली एक चार वजने. पहिले भरलेल्या मोटारीचे कमाल वजन, दुसरे मोटार आणि मागची गाडी मिळून कमाल वजन, उरलेली दोन पुढच्या-मागच्या आसांची. पहिला आकडा २,१५० आणि दुसरा ३,७५० असेल, तर पूर्ण भरलेली मोटार १,६०० किलो ओढू शकते. दुसरा आकडाच नसेल, तर ती मोटार ओढण्यासाठी नाही असे समजावे, मग विक्रेता काहीही सांगो. एकाच नावाच्या मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स बदलला की हे आकडे बदलतात. त्यामुळे माहितीपत्रकापेक्षा प्रत्यक्ष घ्यायच्या गाडीची पट्टी वाचलेली बरी.

यानंतरची गोष्ट बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावी लागत नाही. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. फार पुढे आले की बैलांच्या मानेवर भार पडतो. कॅराव्हॅनचेही तसेच. तिचा पुढचा दांडा मोटारीच्या टोबारवरील गोळ्यावर किती दाबतो, हे नोज वेट. ते कॅराव्हॅनच्या भारित वजनाच्या ५ ते ७ टक्के असावे. १,३०० किलोला हे ६५ ते ९१ किलो होते. मात्र मोटारीची मर्यादा ७५ किलो असेल, तर ७५च्या वर जाता येत नाही. घरचा वजनकाटा आणि दांड्याखाली उभा धरलेला लाकडी ठोकळा एवढ्यावरही हे मोजता येते. नोज वेट कमी पडले, की वेगात कॅराव्हॅन डावी-उजवी डोलू लागते आणि मोटारीचे शेपूट आपल्याबरोबर हलवते. अशा वेळी ब्रेक न दाबता स्टिअरिंग स्थिर धरून ॲक्सिलरेटर सोडायचा असतो. ट्रेलरचे डोलणे ओळखून चाकांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बऱ्याच नव्या मोटारींत असते, ती घ्यावीच.

इंजिनात अश्वशक्तीपेक्षा टॉर्क महत्त्वाचा, तोही कमी फेऱ्यांवर मिळणारा. दोन लिटरचे टर्बो डिझेल साधारण १,७५० फेऱ्यांपासून ३४० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देते, त्यामुळे चढावर थांबून पुन्हा निघताना क्लच जळत नाही. ओल्या गवताच्या मैदानातून बाहेर पडताना चारही चाकांना मिळणारी ताकद उपयोगी पडते. उंच एसयूव्हीचा मोह अनेकांना होतो. पण स्कोडा सुपर्बसारखी लांब इस्टेट मोटार जमिनीलगत, स्थिर आणि ऐसपैस असते, आणि रोजच्या वापरात कमी इंधन खाते. ज्या घराला बारा महिने एकच गाडी पुरवायची आहे, त्याला तीच जास्त परवडते.

विजेच्या मोटारींबाबत सावध राहावे. काहींना ओढण्याची मान्यताच नसते, आणि ज्यांना असते त्यांचा एका चार्जमधला पल्ला मागे कॅराव्हॅन असताना जवळपास निम्म्यावर येतो. बऱ्याच चार्जिंग केंद्रांवर जागा एका मोटारीपुरतीच असल्याने कॅराव्हॅन सोडून ठेवावी लागते.

१६ डिसेंबर २०२१पासून साध्या मोटार परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याआधी १९९७ किंवा नंतर परवाना मिळालेल्यांना जड जोडीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. कॅराव्हॅन ओढताना महामार्गावर ताशी ६० मैलांची, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैलांची मर्यादा आहे; तीन किंवा अधिक लेनच्या महामार्गावर सर्वांत उजवी लेन वर्ज्य. कॅराव्हॅन मोटारीपेक्षा रुंद असेल, तर बाहेर काढलेले जादा आरसे लागतात.

जुनी मोटार घेताना टोबार मान्यताप्राप्त आहे का हे तपासावे. १ ऑगस्ट १९९८पासून नोंदलेल्या मोटारींना तसाच लागतो. आजच्या कॅराव्हॅनना १३ पिनांचा प्लग असतो. शक्य असल्यास तो जोडून मागचे सर्व दिवे एकेक लावून पाहावेत, आणि त्याच फेरीत मुलांच्या खुर्च्या मागच्या आसनावर खरोखर मावतात का तेही बघावे.